जड मशीन घरच्या शेडमध्ये आत कसं न्यायचं? (लेथ, साधारण ७०० किलो)

घरचा_वर्कशॉप
नमस्कार मंडळी, एक वापरलेला लेथ (काम फिरवत ठेवून धातू कापायचं मशीन) घेतलाय, सेंटर टू सेंटर १ मीटर म्हणजे तेवढं लांब काम त्यात बसतं, जुन्या कॅटलॉगमध्ये वजन ७०० किलो दिलंय. गाडीतून उतरवून गेटच्या आत ठेवायची सोय झालीय, प्रश्न तिथून पुढचा आहे. गेटपासून शेडपर्यंत पेव्हर ब्लॉकचा रस्ता, मग दारासमोर छोटा चढ, मोजला तर ८ ला १ पडतोय, दारात २० मिमीची लोखंडी पट्टी वर आलेली आणि आत काँक्रीटवर फरशी. दार ९५० मिमी रुंद. क्रेन आत येणार नाही कारण वरून तारा गेल्यात. मित्र म्हणतायत आठ-दहा जण जमवू, दोऱ्या लावू आणि एका दमात उचलून नेऊ. मला ते पटत नाहीये, पण मग नक्की करायचं काय तेही कळत नाहीये. कोणी केलंय का असं काम?

जुना_फिटर
उचलून न्यायचा बेत आधी रद्द करा. ७०० भागिले १० म्हणजे माणशी ७० किलो असा हिशोब लोक लावतात पण तसं कधीच होत नाही. लेथला धरायला जागा किती असते सांगा, दोन्ही बाजू मिळून जेमतेम सहा जण नीट उभे राहतात, त्यात हेडस्टॉककडच्या (जिथून काम फिरवलं जातं त्या जड टोकाकडच्या) लोकांवर निम्म्याहून जास्त वजन येतं, आणि एकाचा पाय सरकला की त्याच क्षणी त्याचा भार शेजारच्यावर जातो, तो सोडतो, मग तिसरा सोडतो, आणि खाली कोणाचा तरी पाय असतो. माझं सगळं आयुष्य मशिनरी हलवण्यात गेलं, वजनाने माणूस दुखावला असं फार कमी पाहिलं, उंची आणि घाई यानेच दुखावतात. मशीन जमिनीपासून दोन बोटं वर असेल तर सुटलं तरी दोन बोटंच पडतं.

तर आपल्याला ते सरकवायचंय. खाली रुंद लाकडी स्किड (मशीन बसवून सरकवायची चौकट), त्याखाली पाइप, पाइपखाली प्लाय, आणि चढावर चेनपुली नाहीतर रॅचेट पुलर (दांडा मारत हळूहळू ओढायचं साधन). चार शहाणी माणसं पुरतात, दहा नकोत. दहा जण असले की दहा जण बोलतात.

आधी फोटो टाका, चारी बाजूंनी, विशेषतः पाय कसे आहेत आणि मोटर कुठे आहे ते.

घरचा_वर्कशॉप
काका, खूप आभार, फोटो टाकलेत. दोन वेगळे पेडेस्टल आहेत ओतीव लोखंडाचे, मध्ये चिप ट्रे (कीस पडायचा). पाय पुढून मागे ४५० मिमी. मोटर हेडस्टॉकच्या मागे बाहेर लटकलेली आहे.

स्थिरबिंदू
फोटो बघून एक छोटं गणित मांडते कारण ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. अशा लेथचा गुरुत्वमध्य साधारण ७५० मिमी उंचीवर धरू, बेड (लांब आडवा मुख्य भाग) आणि हेडस्टॉक सगळं वर, खाली पोकळ पाय. पाय ४५० रुंद म्हणजे मध्यापासून कडेला २२५ मिमी. २२५ भागिले ७५० हे ०.३, म्हणजे मशीन पुढे किंवा मागे सुमारे १७ अंश कललं की त्याला परत उभं करणारं काही उरत नाही, ते जाणार. १७ अंश खूप वाटतात ना? पण ४५० मिमी रुंदीवर एक कड फक्त १३० मिमी उचलली की १७ अंश होतात. मागच्या बाजूला पहार घालून १०० मिमीचा ठोकळा सरकवायला गेलात तर जवळपास तिथेच पोचलात. आणि मोटर मागे लटकलीय म्हणजे मध्य अगदी मधोमध नाहीच, मागच्या बाजूला तो १७ पेक्षाही कमी.

लांबीच्या दिशेने मात्र पाय एकमेकांपासून मीटरभर तरी लांब आहेत, त्यामुळे एक टोक ५०-६० मिमी वर केलं तरी फरक पडत नाही. म्हणून जॅक लावायचा तो टोकाला, हेडस्टॉकच्या टोकाला किंवा टेलस्टॉकच्या (समोरून कामाला आधार देणाऱ्या भागाच्या) टोकाला, पुढून किंवा मागून अजिबात नाही.

जुना_फिटर
ताईंनी बरोबर सांगितलं, हेच आम्ही पोरांना ओरडून ओरडून सांगायचो, आकडे माहीत नव्हते पण पुढून पहार लावली की शिव्या बसायच्या.

आता कामाला लागा. चक (काम पकडणारा जबडा) काढा, काढताना बेडवर फळी ठेवा म्हणजे सुटला तरी बेडच्या स्लाइडवर आपटणार नाही. टेलस्टॉक काढा, टूलपोस्ट (हत्यार धरायची जागा), मागचा गार्ड, आणि मोटर नक्की काढा, ती मागे लटकलीय म्हणजे तोल बिघडवतेय. (ज्यांची मोटर पेडेस्टलच्या आत तळाला बसलेली असते त्यांनी ती राहू द्यावी, खालचं वजन आपल्या फायद्याचं असतं.) एवढं काढलं की ८०-१०० किलो सहज उतरतात आणि मुख्य म्हणजे वरचे उतरतात. कॅरेज (बेडवर सरकणारा, हत्यार नेणारा भाग) टेलस्टॉकच्या बाजूला नेऊन लॉक करा, हेडस्टॉकचं टोक जड असतं त्याला तेवढीच भरपाई. वायर काढायच्या आधी फोटो काढा आणि प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा. गिअरबॉक्समधलं तेल काढून टाका, नाहीतर चढावर ते बाहेर येतं आणि पायाखाली तेल म्हणजे संपलंच. कुलंटची टाकी पण रिकामी.

स्किड असं करा. दोन जाड वासे लांबीच्या दिशेने, बाहेरून बाहेर ८५० मिमी, दारातून जाईल एवढं. टोकं खालून तासून घ्या होडीसारखी, म्हणजे पुढच्या पाइपवर अडकणार नाहीत. त्यावर आडवे दोन वासे, आणि मशीनच्या पायांतल्या फाउंडेशनच्या भोकांतून आरपार बोल्ट टाकून आडव्या वाशांना घट्ट. नुसतं वर ठेवून पट्टा मारू नका, बोल्टच पाहिजेत.

स्किडवर चढवायचं टोकाटोकाने. टोकाला जॅक, तो पेडेस्टलच्या जाड भागाखाली, चिप ट्रेखाली नाही, बेडच्या स्लाइडखाली तर नाहीच. जॅकच्या डोक्यावर प्लायचा तुकडा ठेवा, लोखंडावर लोखंड घसरतं. थोडं वर, लगेच खाली गुटका (लाकडी ठोकळा), मग दुसरं टोक, तिथे गुटका, परत पहिलं. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो, हायड्रॉलिक तर सील गेलं की सांगत पण नाही. गुटके एकावर एक सरळ रचू नका, एक थर उभा एक थर आडवा असे चौकटीसारखे. आणि गुटका आत सरकवायचा तो काठीने, हात घालून नाही. हे एवढं एक पाळलं तरी बोटं वाचतील.

एकटाच_कारागीर
एक शंका. माझ्याकडे हँड पॅलेट ट्रॉली आहे, २५०० किलोची. ती घातली तर हा सगळा खटाटोप वाचणार नाही का? वजन तर तिच्या तिसऱ्या हिश्शाइतकं पण नाही.

जुना_फिटर
सपाट गुळगुळीत काँक्रीटवर वाचेल. पेव्हरवर तिची पुढची छोटी चाकं सांध्यात बसतात, एक चाक बसलं की मशीन कलतं. आणि चढावर ट्रॉली नकोच, साध्या ट्रॉलीला ब्रेक नसतो, दांडा धरून जे थांबवताय ते तुम्ही स्वतः. २५०० लिहिलंय ते सपाट जमिनीवर, वजन दोन्ही फोर्कवर सारखं पसरलेलं असताना. शिवाय दोन्ही फोर्क मिळून बाहेरून बाहेर फार तर ६८५ मिमी, काहींचे ५४० च, म्हणजे इतक्या उंच मशीनला तेवढाच आधार, स्किडचा ८५० कधीही बरा.

करवत_किस
इंजिन क्रेनबद्दल पण हेच होतं लोकांचं. २ टनाची म्हणून आणतात, आर्म पूर्ण बाहेर काढला की तीच क्रेन साधारण ५०० किलोची उरते, आर्मवर प्रत्येक भोकापाशी आकडा कोरलेला असतो तो बघत नाहीत. आणि लेथला जवळ घ्यायचं तर क्रेनचे पाय पेडेस्टलला आडवे येतात, म्हणून आर्म बाहेर काढावाच लागतो. वर उचललेलं मशीन क्रेनला लटकवून ढकलत नेणं तर अजूनच वाईट, छोटं चाक एका खड्यावर अडलं की मशीन झोका घेतं.

घरचा_वर्कशॉप
क्रेनचा विचार सोडला मग. स्किड तयार करतोय. काका, पाइप किती जाड घेऊ आणि किती? आणि चढावर पुलर बांधू कशाला, शेडमध्ये तसं काहीच नाहीये.

जुना_फिटर
सगळे एकाच मापाचे, बाहेरून ३० मिमीच्या आसपास, जाड भिंतीचे, भरीव बार मिळाला तर उत्तम. वेगवेगळ्या मापाचे मिसळले की मशीन डुलतं. स्किडपेक्षा थोडे लांब ठेवा, पण दारातून जातील एवढेच. स्किडखाली कायम तीन तरी असले पाहिजेत, मागचा सुटायच्या आधी पुढे एक पडलेला हवा, म्हणून पाच-सहा लागतात. वळवायचं असेल तेव्हा पुढचे पाइप हातोडीने टोकावर हलके मारून तिरपे करायचे, मशीन आपोआप वळतं, ढकलून वळवायचं नाही.

आणि हे नीट वाचा. पाइपच्या तोंडात बोट घालून पाइप ओढायची सवय असते लोकांना, कारण धरायला ते सोयीचं वाटतं. मशीन जरा पुढे सरकलं की तो पाइप फिरतो आणि आतलं बोट पाइप आणि प्लायच्या मध्ये. पाइप मागून पुढे आणताना तो पूर्ण मोकळा सुटला की मगच उचलायचा, आणि पुढे टाकताना तळव्याने ढकलायचा, मूठ करून धरायचा नाही. पाइप देणारा माणूस एकच आणि तो म्हणेपर्यंत ढकलणाऱ्यांनी ढकलायचं नाही.

पुलर बांधायला साधी युक्ती. चढ दाराकडे जातोय ना, मग शेडच्या आतल्या भिंतीत तसलंच दुसरं दार किंवा मजबूत खिडकी समोर असेल तर भिंतीच्या पलीकडून एक जाड वासा त्या उघड्या भागावर आडवा टाका, दोन्ही बाजूंना भिंतीवर हातभर टेकेल असा, मध्ये पट्टा बांधा आणि तो आत घ्या. ओढलं की वासा भिंतीवर दाबला जातो, काही उपटायचा प्रश्नच नाही.

घरचा_वर्कशॉप
मागच्या भिंतीत दार आहे! बरोबर समोरच. आणि भिंत विटांची, चांगली जाड.

स्थिरबिंदू
किती ओढ येणार ते पण बघून घ्या. ८ ला १ म्हणजे ७ अंशांच्या आसपास, ७०० किलोचा आठवा भाग म्हणजे ८७ किलो तर नुसता मागे खेचणारा, त्यात पाइपचं घर्षण वगैरे २०-३० किलो धरा. ११०-१२० किलोची ओढ, वासा आणि जाड भिंत सहज घेईल, १ टनाचा लिव्हर ब्लॉक (दांडा हलवून साखळी ओढणारा पुलर) भरपूर झाला. मुद्दा असा की १२० किलो चार माणसं ढकलू पण शकतात, त्यामुळेच मोह होतो, पण ढकलताना एकजण दमला की तेच ८७ किलो उरलेल्यांच्या अंगावर येतात आणि मशीन आणि गेट यांच्यामध्ये मागे उभ्या माणसाशिवाय दुसरं काही नसतं. पुलर दमत नाही. लिव्हर ब्लॉक किंवा चेनपुली हात सोडला तरी तिथेच धरून राहते, आतला ब्रेक वजनानेच आवळला जातो. गाडीला लावायचा साधा रॅचेट पट्टा मात्र यासाठी वापरू नका, तो बांधायला असतो, ओढायला नाही.

चढावर मागच्या बाजूला कोणीही नको. मागून पाचर लावत यायची असेल तर पाचरीला लांब दांडा लावा आणि माणूस बाजूला उभा. ओढीच्या रेषेत पण कोणी उभं राहायचं नाही, पट्टा तुटला तर तो त्या रेषेतच परत येतो.

जुना_फिटर
पट्टी आणि फरशीचं: दाराच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे १८ मिमी प्लाय टाका, पट्टीच्या उंचीला जवळपास लागून जाईल, उरलेल्या २ मिमीला एखादा पातळ पत्रा. म्हणजे पाइपला पट्टी लागणारच नाही आणि फरशीवर थेट भार येणार नाही. त्याआधी फरशी हातोडीच्या दांड्याने वाजवून बघा, पोकळ वाजली तिथे पाइप गेला की तडकणार, तिथे प्लाय डबल किंवा वर ५-६ मिमीची लोखंडी प्लेट. पेव्हरवर पण प्लाय, दोन तुकडे पुरतात, मागचा काढून पुढे टाकत जायचं.

करवत_किस
मी लाकडाच्या कामातला आहे पण उभ्या मशीनबद्दल सांगावंसं वाटतं कारण हा धागा पुढे दुसरेही वाचतील. खांबवालं ड्रिल मशीन वजनाने लेथच्या निम्मं पण नसतं म्हणून लोक ते सहज घेतात, आणि जास्त तेच पडतं. सगळं वजन डोक्यावर, खाली छोटासा बेस. हलवायच्या आधी टेबल अगदी तळाला आणून लॉक करा, आणि जमत असेल तर डोकं खांबावरून उतरवून वेगळं न्या. डोकं उतरवताना टेबल वर आणून त्यावर लाकडी ठोकळे रचून डोक्याला आधार द्यायचा आणि मगच क्लॅम्प सैल करायचे, नाहीतर सैल केल्या केल्या ते सरकून खाली येतं. बँडसॉला उचलायला आय बोल्ट दिलेला असेल तर तिथूनच उचला, वरच्या चाकाच्या पत्र्याला किंवा टेबलला धरून नाही, टेबलचे ट्रनियन (टेबल तिरपं करायचे खालचे आधार) ओतीव असतात, ओढ आली की तुटतात.

ओतीव लोखंड वाकत नाही, तुटतं, हे लक्षात ठेवायचं. दाबाला ते भक्कम असतं, ताणाला आणि आपटण्याला कच्चं. मशीन चार बोटांवरून एका पायावर पडलं तरी तो पाय जाऊ शकतो.

आणि अजून एक. पडायला लागलेलं मशीन धरायचं नाही. हात आपोआप पुढे जातात, प्रत्येकाचे जातात, म्हणून सुरू करायच्या आधी सगळ्यांनी तोंडाने म्हणून घ्यायचं की सुटलं तर सोडायचं आणि मागे व्हायचं, आणि मागे व्हायला जागा मोकळी आहे का ते प्रत्येकाने बघून घ्यायचं. मी एका कारखान्यात ड्रिल मशीन धरायला गेलेल्या माणसाचा हात पाहिलाय. मशीनचं फक्त एक हँडल तुटलं होतं.

एकटाच_कारागीर
सेफ्टी शूज घातले तर पायाचा प्रश्न सुटतो ना?

स्थिरबिंदू
चांगल्या सेफ्टी शूजची टोपी २०० जूलच्या आघाताला तपासलेली असते, म्हणजे २० किलोची वस्तू १ मीटरवरून पडली एवढा. पहार पडली, गुटका पडला, चक निसटला तर पाय वाचेल, म्हणून घालायचेच. पण ६०० किलोच्या मशीनचा कोपरा येऊन टेकला तर त्या टोपीच्या भरवशावर राहू नका, आणि टोपी फक्त बोटांवर असते, पायाच्या वरच्या भागावर काहीच नसतं.

घरचा_वर्कशॉप
मंडळी, लेथ आत आला! आम्ही चौघं होतो, बोलणारी एकटी माझी बहीण, बाकी सगळे गप्प, तिने थांबा म्हटलं की जिथे असेल तिथे थांबायचं असं ठरवलं होतं. मोटर, चक, टेलस्टॉक आदल्या दिवशी काढून आत नेऊन ठेवले. पेव्हरवर वाटलं होतं त्याहून हलकं गेलं, दोघं ढकलत होते आणि खरं तर आवरावंच लागत होतं. चढावर लिव्हर ब्लॉकने टिक टिक करत इतकं हळू वर आला की मागे पाचर लावणाऱ्याला पाचर नुसती सरकवत राहावी लागली, भार तिच्यावर आलाच नाही. दारात दोन्ही बाजूंना बोटभर पण जागा नव्हती पण पाइपला हातोडी मारून वळवायचं तंत्र अगदी कमाल चाललं. एक फरशी पण फुटली नाही. काका, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार.

आता स्किडवरून खाली उतरवताना पण टोकाटोकानेच ना? आणि बसवताना काय बघायचं?

जुना_फिटर
शाब्बास! उतरवणं हे चढवण्याइतकंच मोठं काम आहे, काम संपलं असं वाटलेलं असतं म्हणून लोक इथे घाई करतात. तसंच टोकाटोकाने, जॅक, गुटका काढा, खाली, दुसरं टोक. स्किडचे बोल्ट शेवटच्या क्षणापर्यंत काढू नका. आणि भिंतीला अगदी चिकटवू नका, मागे माणूस जाईल एवढी जागा ठेवा, मोटर आणि बेल्टपाशी कधीतरी जावंच लागतं.

मायक्रॉन
बसवण्याबद्दल मी सांगतो. लेथ जमिनीला समांतर असणं एवढं महत्त्वाचं नाही, बेडला पीळ नसणं महत्त्वाचं आहे. बेड दिसायला भक्कम दिसतो पण एका पायाखाली कागदाच्या जाडीचा फरक असला तरी तो पिळतो आणि मग लांब काम कोनिकल होतं, म्हणजे एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. साध्या गवंडीकामाच्या पाणसळीने हे दिसत नाही, बुडबुडा एक रेघ सरकला की ०.०२ मिमी प्रति मीटर दाखवणारी मशिनिस्ट लेव्हल पाहिजे, कोणाकडून तरी मागून आणा. ती बेडवर आडवी ठेवा, हेडस्टॉकपाशी एकदा, टेलस्टॉकच्या टोकाला एकदा, दोन्हीकडे बुडबुडा एकाच जागी आला की पीळ नाही. बुडबुडा मधोमधच यायला पाहिजे असं नाही.

मग एक बार चकमध्ये धरा, टेलस्टॉकचा आधार न देता, दोन टोकांना दोन कॉलर (जाड कडी) ठेवून मधलं बारीक करा, दोन्ही कॉलरवर एकाच सेटिंगने अगदी हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. चकाकडचा आणि बाहेरचा व्यास सारखा आला तर बसवणं झालं. फरक असेल तर टेलस्टॉकच्या टोकाच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) कमी-जास्त करा. फाउंडेशनचे बोल्ट शेवटी आवळायचे आणि आवळल्यावर परत लेव्हल बघायची, आवळतानाच पीळ बसतो बऱ्याचदा. काही आठवड्यांनी पुन्हा बघा, जमीन आणि मशीन दोन्ही जरा बसतात.

थ्री फेज असेल तर मोटर जोडल्यावर चक न लावता आधी फिरवून दिशा बघा. दोन फेज उलटे लागले की स्पिंडल उलटा फिरतो, आणि तुमचा चक आट्यांवर बसणारा असेल तर तो सुटून बाहेर येऊ शकतो.

घरचा_वर्कशॉप
चक आट्यांचाच आहे. लिहून ठेवलं. लेव्हल मागून आणतो.

नवा_वाचक
धागा वाचून काढला पूर्ण. माझं वर्कशॉप पहिल्या मजल्यावर आहे, खाली खोली. असा ७०० किलोचा लेथ वर चालेल का?

स्थिरबिंदू
फोरमवर हो म्हणता येणार नाही, तुमच्या स्लॅबची जाडी, सळ्या, बीम कुठे आहेत हे बघून स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच सांगावं. कल्पना यावी म्हणून: राहत्या घराचा मजला बहुतेक ठिकाणी साधारण १५० ते २०० किलो प्रति चौरस मीटर एवढा वापराचा भार धरून बांधतात. तो सगळ्या खोलीवर पसरलेला भार असतो, तुमचा लेथ चार छोट्या पायांवर उभा आहे. बीमवर किंवा भिंतीलगत ठेवणं आणि खोलीच्या मधोमध ठेवणं यात खूप अंतर आहे. शिवाय वर न्यायचा जिना हा वेगळाच धोका, वजन माणसांच्या डोक्यावर असतं आणि खाली उभ्या माणसाला पळायला जागा नसते. जिन्यावरून जायचंच असेल तर मशीन पूर्ण खोलून, बेड वेगळा, हेडस्टॉक वेगळा, आणि बेड वरून पुलरने धरून, खाली कोणी नाही. शक्य असेल तर तळमजल्यावरच जागा शोधा.

एकटाच_कारागीर
काका, माझ्याकडे पुढच्या महिन्यात टरेट मिलिंग (उभ्या फिरत्या हत्याराने धातू कापायचं उंच मशीन) येतंय, टनाच्या आसपास. ते तर लेथपेक्षा उंच. फोर्कलिफ्टवाला येणार आहे उतरवायला, पण तो म्हणाला पट्टा कुठे बांधायचा ते तुम्ही सांगा.

जुना_फिटर
मिलिंगला पहिलं काम म्हणजे त्याला बुटकं करायचं. रॅम (डोकं धरणारा वरचा आडवा हात) पूर्ण मागे, लॉक. नी (टेबल वर-खाली नेणारा भाग) अगदी खाली. टेबल मधोमध, सॅडल (नी आणि टेबलच्या मधला भाग) कॉलमच्या म्हणजे उभ्या खांबाच्या जवळ, सगळं लॉक. मग डोकं, ज्या मशीनमध्ये बाजूला गोल फिरतं त्यात ते हळू खाली उलटं फिरवायचं, बोल्ट पूर्ण सोडायचे नाहीत, नुसते सैल, आणि डोक्याखाली टेबलवर जाड लाकडी ठोकळा ठेवायचा म्हणजे ते टेकून बसेल. एकट्याने करू नका हे, बोल्ट सैल झाले की डोकं स्वतःच्या वजनाने फिरतं, एकाने ते धरायचं आणि दुसऱ्याने पाना. एवढं केलं की तेच मशीन निम्मं शांत होतं.

पट्टा टेबलला बांधायचा नाही, नीच्या स्क्रूला नाही, हँडलना नाही. बऱ्याच टरेट मिलिंगना रॅमवर आय बोल्टची आटे पाडलेली जागा असते, तिथे खांदा असलेला आय बोल्ट पूर्ण आत बसवून, खांदा टेकेपर्यंत. आय बोल्टवर सरळ वर ओढ असेल तेव्हाच त्याची पूर्ण ताकद. नेहमीच्या फोर्ज केलेल्यांमध्ये एम १६ चा सरळ ओढीला ७०० किलो, एम १२ चा फक्त ३४०, त्यामुळे टनाच्या मशीनला एम १६ पण चालणार नाही, एम २० पाहिजे, त्याचा १२०० आहे. तिरकी ओढ आली की हे आकडे झपाट्याने खाली येतात. दुकानात मिळणारा वाकवलेल्या सळीचा हुक कधीच नाही.

जागा नसेल तर दोन पट्टे रॅमखालून, कॉलमच्या दोन्ही बाजूंनी वर. कापडी बेल्ट जांभळा म्हणजे १ टन, हिरवा २ टन, हिरवेच घ्या. ओतीव कडेवर बेल्ट थेट टेकू द्यायचा नाही, मध्ये जाड रबर किंवा चिरलेला होजपाइप. दोन बेल्टमधला कोन जेवढा पसरट तेवढा बेल्टवर ताण जास्त, आडव्यापासून ६० अंश ठेवलेत तर प्रत्येकावर वजनाच्या ०.५८ पट, ३० अंशांवर आलात तर दोन्हीवर पूर्ण पूर्ण वजन, म्हणजे दोन बेल्ट असून एकाचाच उपयोग. म्हणून बेल्ट लांब घ्या, उंच धरा.

फोर्कलिफ्टवाल्याला सांगा, आधी जमिनीपासून बोटभरच उचल आणि थांब. मशीन कुठल्या बाजूला झुकतंय ते बघा, झुकलं तर खाली ठेवा, टेबल थोडं त्याच्या उलट बाजूला सरकवा, परत बोटभर. सरळ लटकलं की मगच गाडीखालून फळ्या काढायच्या. आणि ते लटकलेलं असताना त्याखाली काही पडलं तर पडू द्या, हात घालून काढायचं नाही.

एकटाच_कारागीर
काका, डोकं फिरतं का ते अजून बघितलं नाहीये, प्लेटचा आणि रॅमचा फोटो मागवून इथेच टाकतो.

जुना_फिटर
टाका. रॅमवर वरून आट्यांचं भोक आहे का तेही दिसलं पाहिजे फोटोत, त्यात मातीने भरलेलं असतं, पिनने उकरून बघायला सांगा.